मिशीवाली आई : गिजुभाई बधेका



नोव्हेंबर महिन्याच्या १४ तारखेला आपण सगळे बालदिन साजरा करतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ तारखेला, आणखी एका थोर माणसाची जयंती असते आणि ती मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. हे थोर गृहस्थ म्हणजे गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका. आपल्याकडे याच सुमारास पहिले सत्र संपलेले असते, गुणपत्रके घरी गेलेली असतात आणि पालकांच्या मनात प्रश्न असतो की, आपल्या पहिली-दुसरीतल्या मुलाने या सहा महिन्यांत नेमके काय शिकले? वही भरली की नाही, पाढे कितीपर्यंत आले, इंग्रजी शब्द किती पाठ झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आपले सगळे आयुष्य घातले, त्या गिजुभाईंची ओळख या अंकात करून घेऊ या.

गिजुभाईंचे पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. बालपण वळा, म्हणजे आजचे वल्लभीपूर, येथे गेले. त्या काळच्या गावठी शाळा कशा असत हे आपण आपल्या आजोबा-पणजोबांकडून ऐकलेलेच आहे. पंतोजींची छडी, मोठ्या आवाजात घोकायचे पाढे आणि कवितांची घोकंपट्टी. पाठ झाले नाही तर शिक्षा, झाले तर पुढचा धडा. मुलाला समजले का, आवडले का, हा विचार कुणी करत नसे.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चितळपासून जवळच असलेल्या अमरेली भागात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. पुढे १९०६ साली तो साऱ्या बडोदे संस्थानात लागू झाला. आपल्या मराठी राजाने केलेले हे काम हिंदुस्थानात फार मोलाचे ठरले. महाराजांनी मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणले. पण दारातून आत गेल्यावर मुलाचे काय होते, हा दुसरा प्रश्न शिल्लक होता. प्रयोग सुरू झाला तेव्हा गिजुभाई आठ वर्षांचे होते. मोठेपणी हाच दुसरा प्रश्न त्यांनी हाती घेतला.

पण ते लगेच झाले नाही. गिजुभाई आधी शिक्षक नव्हतेच. १९०७ साली नशीब काढायला ते पूर्व आफ्रिकेत गेले. तिथे एका सॉलिसिटरकडे त्यांनी काम केले. १९०९ साली परत आले, मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. वकिली चांगली चालू लागली. घरात पैसा येऊ लागला, समाजात मान मिळू लागला. आजच्या भाषेत सांगायचे तर मुलगा सेटल झाला होता.

१९१३ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव नरेंद्र. बाळाला मांडीवर घेतल्यावर वकीलसाहेबांना प्रश्न पडला की, याला वाढवायचे कसे आणि शिकवायचे कसे? आपल्याला जशी शाळा मिळाली तशाच शाळेत यालाही घालायचे का? असा प्रश्न प्रत्येक आई-बापाला पडतो. आपण चार ओळखीच्या लोकांना विचारतो, फी किती ते पाहतो, आणि मोकळे होतो. गिजुभाई मोकळे झाले नाहीत. ते वाचू लागले, जाणत्या लोकांना भेटू लागले. बडोदे संस्थानात गावोगावी वाचनालये उभी करण्यासाठी झटणारे वसोचे मोतीभाई अमीन यांची त्यांना मदत झाली. त्यांच्यामुळेच इटलीच्या डॉक्टर मारिया मॉंटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीची त्यांना ओळख झाली.

मॉंटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत एक बालगृह उघडले होते. मूल लहान असते, पण अर्धवट नसते. त्याला हाताने काम करायला, वस्तू उचलून पाहायला, स्वतः चुका सुधारायला आवडते, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. हे वाचून गिजुभाईंच्या डोळ्यांपुढे एक नवीनच जग उभे राहिले.

त्याच सुमारास भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी दक्षिणामूर्ती नावाची संस्था चालवली होती. १९१० साली एका विद्यार्थी वसतिगृहापासून तिची सुरुवात झाली होती. संस्थेची घटना तयार करण्याच्या निमित्ताने वकील गिजुभाईंचा तिच्याशी संबंध आला आणि १९१६ साली ते चालती वकिली सोडून संस्थेत दाखल झाले. विचार करा, घरात लहान मूल, हातात चांगला धंदा, आणि हा माणूस दुसऱ्यांच्या मुलांना सांभाळायला निघाला. नातेवाइकांना काय वाटले असेल ते सांगायला नको.

सुरुवातीला ते मोठ्या मुलांना शिकवत. त्यात त्यांना एक गोष्ट दिसली. मोठी मुले आमच्याकडे येतात तोपर्यंत त्यांच्या सवयी, त्यांची भीती, अभ्यासाबद्दलचा कंटाळा हे सगळे पक्के झालेले असते. पाया आधीच घातला गेलेला असतो. मग काम करायचे तर पायापासून करायला हवे. म्हणून १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. अडीच-तीन वर्षांपासूनची मुले तिथे येऊ लागली. पुढे गावातल्या टेकडीवर बालमंदिराची स्वतःची इमारत झाली आणि १९२२ साली कस्तुरबा गांधींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

आता पाहू या की या बालमंदिरात मुले काय शिकत होती. भाषा शिकताना आधी खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे मुले बोटाने गिरवीत. डोळा, बोट आणि कान असे तिन्ही एकाच वेळी अक्षर ओळखायचे, मग पेन्सिल हातात. गणितात आधी मणी आणि लांबी-आखूड दांड्या. पाच म्हणजे काय, दहा म्हणजे काय, हे हाताला कळल्यावर मग पाटीवर आकडा. रंगांच्या छटा, आवाजाचे भेद, गुळगुळीत आणि खरखरीत, जड आणि हलके हे सगळे खेळातून. त्याशिवाय बागकाम होते, चित्रे होती, गाणी आणि नाच होते, मातीकाम होते. शांततेचा खेळ होता, ज्यात सगळ्यांनी डोळे मिटून बसायचे आणि बाहेरचा बारीकसा आवाजही टिपायचा. हात-पाय धुणे, केस विंचरणे, आपली वस्तू जागेवर ठेवणे हाही अभ्यासच होता. मारणे नव्हते, भीती दाखवणे नव्हते, आणि बक्षिसाची लालूचही नव्हती. बक्षिसासाठी शिकणारा मुलगा बक्षीस थांबले की शिकणेही थांबवतो, असे त्यांचे मत होते.

मुले या माणसाला इतकी बिलगली की लोकांनी त्याला एक गोड नाव दिले. गुजरातीत ते मूछाळी मा, म्हणजेच मिशीवाली आई. भरघोस मिशा असलेला हा गृहस्थ मुलांमध्ये बसून गोष्टी सांगे, त्यांच्याबरोबर हसे, नाटक करे. पुरुषाने लहान मुलांना सांभाळणे हे त्या काळी हसण्यासारखे वाटे. गिजुभाईंनी त्याची पर्वा केली नाही.

मॉंटेसरी पद्धत त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. मॉंटेसरीबाई लहान मुलांना परीकथा सांगण्याच्या बाजूच्या नव्हत्या. पण गिजुभाईंना ठाऊक होते की आपल्या देशातले मूल आजीच्या गोष्टींवर वाढते. त्यांनी गुजरातच्या लोककथा गोळा केल्या, मुलांना सांगून पाहिल्या, मुलांना ज्या आवडल्या त्या सोप्या भाषेत लिहिल्या. आनंदी कावळा, सात शेपट्यांचा उंदीर, दला तरवाडी या त्यांच्या गोष्टी गुजरातेत घराघरांत माहीत आहेत. दला तरवाडीची गंमत तर ऐकाच. हा गृहस्थ दुसऱ्याच्या वाडीत वांगी चोरायला जातो. चोरी वाटू नये म्हणून वाडीलाच विचारतो की, वांगी घेऊ का, आणि वाडीच्या वतीने स्वतःच होकार देऊन टोपली भरतो. एक दिवस मालक त्याला पकडतो आणि विहिरीवर नेतो. त्याच पद्धतीने विहिरीला विचारतो की, याला बुचकळ्या देऊ का, आणि विहिरीच्या वतीने स्वतःच उत्तर देऊन तरवाडींना चांगलाच गार करतो. पाच वर्षांचे मूलही ही गोष्ट ऐकून खळखळून हसते आणि कुणी तात्पर्य न सांगताही न्याय-अन्याय ओळखते. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीची ही सख्खी बहीणच म्हणायची.

गिजुभाईंच्या कामाचा आपल्या मराठी मंडळींशी फार जवळचा संबंध आहे, तो ताराबाई मोडक यांच्यामुळे. ताराबाई राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयात प्राचार्या होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. दोघांनी मिळून पुष्कळ काम केले. १९२५ साली शिक्षकांना तयार करण्यासाठी अध्यापन मंदिर सुरू झाले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, शिक्षण पत्रिका निघू लागली. पुढे ताराबाईंनी हे काम मुंबईत आणि मग ठाणे जिल्ह्यात बोर्डी व कोसबाड येथे नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्यांच्याच कामातून आपल्या भाषेत रुजले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या शिष्या अनुताई वाघ यांनी ते व्रत पुढे चालवले. गिजुभाईंनी गुजरातीत लावलेले रोप असे मराठीत वाढले. आणि आमच्या हिंदी भागात ते आणले काशिनाथ त्रिवेदी यांनी. गिजुभाईंची पुस्तके त्यांनी मोठ्या कष्टाने हिंदीत केली. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे गिजुभाई मला हिंदीतूनच भेटले.

गिजुभाईंचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे दिवास्वप्न. प्रत्येक शिक्षकाने आणि पालकानेही ते एकदा वाचावे. पुस्तक कथेच्या रूपात आहे. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि एका वर्षासाठी एक वर्ग प्रयोगाला मागतो. त्याला चौथीचा वर्ग मिळतो. परीक्षा मात्र ठरल्या वेळी होणारच, ही अट.

पहिल्याच दिवशी फजिती होते. वहीत छान लिहून आणलेला शांततेचा खेळ वर्गात सपशेल फसतो. मुले ओरडतात, पाय आपटतात. शिक्षक मुलांवर रागावत नाही. घरी जाऊन पुन्हा विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. वर्ग चिडीचूप! गोष्ट संपू नये म्हणून मुले घरी जायला तयार नाहीत. त्या गोष्टीच्या धाग्याने तो हळूहळू सगळे विषय गुंफतो. गोष्टीतून वाचनाची गोडी लागते, मग पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे छोटे वाचनालय तयार होते. व्याकरण खेळातून येते. इतिहास आधी गोष्ट म्हणून सांगितला जातो. मुले पाठांतर न करता, पडदे-पोशाख नसताना नाटके करतात. वाढलेली नखे, मळक्या टोप्या, तुटलेली बटणे यांच्याकडेही तो लक्ष देतो.

आणि त्याला विरोधही होतो. सहकारी शिक्षक हसतात. गोष्टी आणि खेळ यांनी का कुठे अभ्यास होतो, असे विचारतात. मुख्याध्यापकांना गोंधळ सहन होत नाही. तो पालकांची सभा बोलावतो, तर मोजकेच पालक येतात. हे वाचताना मला नेहमी वाटते की गिजुभाईंनी आपल्याच शाळेचे वर्णन केले आहे! पुस्तकाच्या तिसऱ्या भागात सहा महिन्यांच्या अखेरीचा हिशेब आहे, म्हणजे आपल्या सहामाहीसारखाच. मुलांना किती पाने पाठ झाली एवढाच तो हिशेब नाही. मुले आता आपण होऊन पुस्तक उघडतात का, एकमेकांशी नीट बोलतात का, स्वच्छ राहतात का, शाळेत यायला उत्सुक असतात का, हेही त्यात मोजले आहे.

गिजुभाईंनी शंभराहून जास्त लहान-मोठी पुस्तके लिहिली. मुलांसाठी लिहिली, तशीच शिक्षकांसाठी आणि आई-बापांसाठीही लिहिली. मूल बिघडले की आपण शाळेला दोष देतो आणि शाळा घराला. गिजुभाई दोघांनाही एका जागी बसवून समजावत. १९३६ साली ते दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. पण काम थांबवले नाही. राजकोटला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम त्यांनी हाती घेतले. मात्र वर्षानुवर्षांच्या श्रमाने शरीर थकले होते. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. दैवाचा खेळ असा की त्याच वर्षाच्या अखेरीस डॉक्टर मॉंटेसरी स्वतः भारतात आल्या आणि पुढची अनेक वर्षे इथे राहिल्या. ज्यांनी त्यांचा विचार या मातीत रुजवला, ते त्यांच्या स्वागताला उरले नव्हते.

आज परिस्थिती बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्या वयात खेळ, गोष्टी, कृती आणि मातृभाषा यांवर भर द्यायला सांगितले आहे. गिजुभाई जे टेकडीवरच्या एका बालमंदिरात करत होते, ते आता साऱ्या देशाचे धोरण झाले आहे. पण धोरण कागदावर असते. ते वर्गात आणि घरात उतरवायचे काम तुमचे-आमचे आहे.

म्हणून पालकांना नम्र विनंती. या सत्राचे गुणपत्रक जरूर पाहा, पण त्यासोबत आणखी काही गोष्टीही पाहा. आपले मूल ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगते का? ताटातल्या पोळ्या, पायरीच्या पायऱ्या, खिशातली नाणी मोजते का? वाण्याकडून किती पैसे परत आले हे त्याला समजते का? अंगणातल्या चार झाडांची नावे त्याला येतात का? आपला पत्ता, आपल्या गल्लीची दिशा सांगता येते का? जेवणाआधी न सांगता हात धुते का? खेळात हरल्यावर पुन्हा खेळायला उठते का? यातच भाषा आहे, गणित आहे, परिसर अभ्यास आहे, भूगोल आहे, आरोग्य आहे आणि संस्कारही आहेत. वही कोरी दिसली म्हणून घाबरू नका. डोके कोरे आहे का ते पाहा.

आणखी एक. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी माणसे. आपल्या मुलांच्या कानावर गल्लीत हिंदी पडते, पुस्तकात इंग्रजी येते. मराठी तेवढी घरात उरली आहे. तीही जर घरातून निघून गेली, तर शाळेतला मराठीचा एक तास तिला परत आणू शकणार नाही. गिजुभाईंनी आयुष्यभर मातृभाषेतून गोष्टी सांगितल्या, कारण मूल ज्या भाषेत हसते-रडते त्याच भाषेत ते आधी विचार करायला शिकते. तेव्हा रोज रात्री टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटे मुलाला मराठीत एक गोष्ट सांगा. आजी-आजोबा घरी असतील तर हे काम त्यांच्याकडे हक्काने सोपवा. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका. मूल हसले आणि उद्या पुन्हा सांगा म्हणाले, की अभ्यास झाला असे समजा.

शिक्षक बंधू-भगिनींनाही एवढेच सांगणे आहे की, दुसऱ्या सत्रात पाठ नियोजनाच्या वहीत एखादा प्रयोग फसला तर मुलांवर चिडू नका. दिवास्वप्नातल्या शिक्षकाचाही पहिला दिवस फसलाच होता. तो दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घेऊन वर्गात आला, म्हणून पुढचे सगळे घडले.

सर्व मुलांना बालदिनाच्या आणि मिशीवाल्या आईच्या जयंतीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

आपली,
मुख्याध्यापिका